दांडा नसलेली सायकल

निवृत्ती जवळ आली, रक्तातली साखर थोडी वर सरकली, की पुरुषमाणसाला शाळा-कॉलेजातली सायकल आठवते. ओपीडीत कोणीतरी विचारतंच, ‘डॉक्टर, परत सायकल सुरू करू का?’ करा, असंच मी सांगतो. शरीराचं बरंच वजन सीटवर जात असल्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांना ती अनेकदा चालण्यापेक्षा जास्त सोसते. पुढचा प्रश्न असतो, ‘कुठली घेऊ?’ आणि तिथे आमचं फिसकटतं.

कारण मी सांगतो, मधला दांडा नसलेली घ्या. जिला आपण वर्षानुवर्षं ‘लेडीज सायकल’ म्हणत आलो, ती. लगेच चेहरा उतरतो. पण पडायला वेग लागत नाही. मागून टांग टाकून चढताना, उतरताना, मध्येच म्हैस आडवी आली म्हणून थांबताना तोल जातो. साठीत खुबा आखडलेला असतो, पाय विशीसारखा वर जात नाही. उभ्याउभ्या कुशीवर पडूनही खुब्याचं हाड मोडतं आणि मग बहुतेकदा शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. केवळ लोक काय म्हणतील म्हणून हा धोका पत्करायचा?

दांडा नसण्याचा आणखी एक फायदा आहे. परत सुरुवात करणारे दोन्ही पाय जमिनीला पुरावेत म्हणून सीट खाली घेतात. त्यामुळे गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दुखू लागतं. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्याला किंचितच बाक राहावा, एवढी सीट वर हवी. दांडा नसेल तर थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकता येतात.

गावाकडे जाणार असाल तर डांबर कुठे संपेल आणि खडी, मुरूम कुठे सुरू होईल सांगता येत नाही. टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या आणि हवा दगडासारखी कडक भरू नका. ते हादरे मनगटाला आणि मानेला जातात. (बाभळीच्या काट्यापुढे कुठलंच टायर शहाणं नाही, पंक्चरचं सामान जवळ ठेवा.) स्वस्त सायकलीच्या पुढच्या शॉकअपने बहुधा वजनच वाढतं. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडं वर असावं. खाली वाकून तासभर चालवलं तर मान धरते, तळहातावर भार येऊन करंगळीला मुंग्या येतात.

गिअर २१ की २४, हे दुकानदाराला विचारत बसू नका. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मोजा आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे. मागचे दात पुढच्याइतके किंवा जास्त असतील, तर चढावर गुडघ्यांचे हाल होणार नाहीत.

आता माझ्या खात्यातलं. चढावर छाती भरून येत असेल, तर सायकलीआधी तपासणी. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यामागे धावू नका, ती गोळी ठोके कमीच ठेवते. चालवताना एखादं वाक्य सलग बोलता आलं की पुरे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना हेल्मेटची सूट नाही, आणि डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी रुग्णालय गाठावं. सायकलीने हाडं फारशी बळकट होत नाहीत, तेव्हा चालणं सोडू नका.

पैसे देण्याआधी गल्लीतल्या खड्ड्यांतून १५ मिनिटं चालवून बघा, चार वेळा चढा-उतरा. दुकानदार ‘ही वहिनींसाठी का?’ असं विचारेल. विचारू दे.