फीडचे आकडे उसने घेऊ नका

यंत्र हळू चालवलं की ते सुरक्षित चालतं, हा हौशी सीएनसी करणाऱ्यांमधला सर्वात चिवट समज आहे. माझ्या मते तो मोडायलाच हवा. लाकडावर काळे डाग पडतात, ॲक्रिलिक वितळून कटरला चिकटतं, त्याच्या मुळाशी बरेचदा हाच समज असतो.

एक साधा गुणाकार करून पाहा. कटरची एक धार एका फेऱ्यात जेवढ्या जाडीचा किस काढते, त्याला ‘चिप लोड’ म्हणतात. मिनिटाचे फेरे, धारांची संख्या आणि चिप लोड यांचा गुणाकार म्हणजे फीड रेट. १०,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिमी चिप लोड धरला तर फीड येतो मिनिटाला १,००० मिमी. आता तोच कटर १८,००० फेऱ्यांवर फिरवून ‘जपून’ म्हणून फीड ३०० केलात, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.००८ मिमी येतात. एवढ्या पातळ थरात धार नीट शिरत नाही, नुसती घासते. एरवी किसाबरोबर निघून जाणारी उष्णता मग कटरमध्ये आणि लाकडात साठते. यंत्राला फीड झेपत नसेल तर आधी स्पिंडलचे फेरे कमी करा, किंवा एकाच धारेचा कटर लावा.

अर्थात, फीड वाढवायलाही मर्यादा आहे आणि ती मोटर ठरवते. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करत असेल आणि स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. हे गणित पक्कं आहे. पण वेग वाढला की कॉइलमध्ये पुरेसा प्रवाह भरायला वेळच मिळत नाही आणि मोटरचा जोर घटतो. मग पावलं चुकतात. बहुतेक हौशी यंत्रांत हे कळवणारा सेन्सर नसतो, त्यामुळे यंत्र चुकीच्या जागी, पण पूर्ण आत्मविश्वासाने कापत राहतं!

म्हणून मोजा. कटर काढा, एका वेळी एकच अक्ष घ्या आणि कमाल वेग थोडा थोडा वाढवत न्या. दर खेपेला यंत्र शून्यावर परत आणून डायल गेजने तपासा. जिथे पावलं चुकू लागतील, त्याच्या तीन-चतुर्थांशावर थांबा. मग त्वरणासाठी हेच करा. दोन्ही गोष्टी एकदम बदललात तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

‘एवढं कशाला, तयार आकडे मिळतात की!’ असं तुम्ही म्हणाल. पण दुसऱ्याच्या गॅसवर मोजलेल्या कुकरच्या शिट्ट्या तुमच्या इंडक्शनवर जशाच्या तशा चालत नाहीत. तयार तक्ता सुरुवातीपुरता घ्यावा. तुमच्या यंत्राची चौकट किती लवचीक आहे, हे त्या तक्त्याला माहीत नसतं.

फ्रेडरिक टेलर यांनी धातू कापण्यावरचा आपला प्रसिद्ध प्रबंध १९०६ साली मांडला, तो सुमारे २६ वर्षांच्या प्रयोगांनंतर. तुम्हाला एक शनिवार पुरेल. एक वही घ्या, मुलांनाही सोबत बसवा आणि प्रत्येक आकड्यापुढे काय घडलं ते लिहून ठेवा.