आधी बॉयलर, मग झळाळी

वाफेच्या इंजिनाची जुनी पितळी प्रतिकृती हाती आली की बहुतेक जण आधी ती घासून चकचकीत करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

काशीला नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या भोसले घाटाजवळ माझे आजोळ आहे. तिथल्या अशाच एका इंजिनावर मी सुट्टीत मामांबरोबर काम केले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गरम पाण्याने वर्षानुवर्षे त्यातले जस्त निघून जाते. पत्रा बाहेरून चांगला दिसतो, आतून ठिसूळ होतो. म्हणून आम्ही बॉयलर तांब्याचा बसवला आणि सांधे चांदीच्या डाखाने जोडले. कथील-शिशाचा डाख 190 अंशांच्या आसपासच वितळतो. पाणी आटले की सांधा सुटलाच. मग बॉयलर थंड पाण्याने गच्च भरून हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब दिला. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी स्फोट होत नाही, नुसते गळते. सुरक्षा झडपही नवी घातली.

जुने भाग बदलले की वस्तूचे मोल जाते, असे काही जण म्हणतात. चाके, धुराडे, दट्ट्याचे दांडे यांबाबत ते खरे आहे. ते आम्ही तसेच ठेवले. जुना बॉयलरही जपून ठेवला. पण जिथे वाफ कोंडायची, तिथे जुनेपणाचा मुलाहिजा नको.

मित्रांनो, परेडपूर्वी आपण बूट-बक्कल चमकवतो, ते योग्यच. यंत्राची चमक मात्र तपासणीनंतर.