मोरजाईच्या गावातील दोन भावंडे

गेल्या महिन्यात मोरजीचे एक गृहस्थ सकाळीच आमच्या दारी आले. त्यांची मुलगी व मुलगा दोघेही आमच्या हाताखालून गेलेले. "सर, आता तुम्हीच सांगून पाहा. दोघं रात्र रात्र जागून जर्मन गाणी करतात," एवढे बोलून ते गप्प बसले.

आम्ही सायंकाळी गेलो. खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, मेजावर संगणक. संगीत सुरू झाले, तेव्हा भाताच्या गिरणीपाशी उभे असल्याचा भास झाला. दर मिनिटाला एकशे चाळीसहून अधिक ठोके, शब्द जवळजवळ नाहीतच. वाचकहो, आम्ही पिंड नाट्यसंगीताचा बाळगतो. तरीही दहा मिनिटांनी आमचा पाय नकळत हलू लागला होता, हे कबूल करावयास हवे.

"जर्मनीत ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे, सर?" मुलीने विचारले. "गोवा!"

ते खरेच आहे. शापोरा नदीपलीकडील हणजूणच्या किनाऱ्यावर १९७० च्या सुमारास परदेशी तरुण जमू लागले. 'गोवा गिल' म्हणून ओळखले जाणारे अमेरिकन गृहस्थ (१९५१–२०२३) त्यांपैकीच. उन्हाने तबकड्या वाकत, म्हणून फिती वाजवीत. पुढे १९८७ साली निघालेल्या डॅट फिती आल्या. ही मंडळी मायदेशी परतली आणि तेथे त्या रात्रींच्या आठवणीतून नवे संगीत रचले गेले. हॅम्बुर्गच्या 'एक्स-ड्रीम' ह्या जोडीचा पहिला संच १९९३ चा. जर्मन तरुण आजही 'गोवा पार्टी'ला जातात. ठिकाण जर्मनीतलेच, नाव मात्र आमचे.

"मग त्यात गोव्याचं काय?" आम्ही विचारले.

मुलाने दुसरी फाईल उघडली. आत ढोल होता, आणि तो आम्ही तत्क्षणी ओळखला. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईच्या जत्रेतला ढोल! वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री होमकुंड पेटते, आणि व्रतस्थ धोंड हाती वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालत जातात, तेव्हाचा. मुलीने तो मोबाईलवर टिपला होता. मोरजाई ही लईराईची बहीण मानतात. तेव्हा मोरजीच्या मुलीने मावशीच्या घरून काही आणले, तर त्याला चोरी कशी म्हणावी?

वडिलांचे खरे दुखणे तेव्हा कळले. ते स्वतः धोंड आहेत. "तो ढोल अंगात भार येण्यासाठी असतो, सर. दारू पिऊन नाचणाऱ्यांसाठी नव्हे."

ह्यावर आम्हांस चटकन उत्तर सुचेना. अखेर मुलांना एवढेच म्हटले, "ज्यांचे हात त्या ढोलावर होते, त्यांना अगोदर विचारा. ते नको म्हणाले तर पुसून टाका. हो म्हणाले तर त्यांची नावे तुमच्या नावांच्या वर घाला." मुलीने मान डोलावली. मुलगा रुसला.

आम्ही उठलो, तोच वडील संगणकाकडे पाहत पुटपुटले, "हा ठेका होमकुंडाचा नव्हेच. त्याच्या आधीचा आहे."

"कुठला बाबा?" मुलाने खुर्ची वळवली.

आता येत्या पंचमीला तिघेही शिरगावास जाणार आहेत. मोबाईल घरी ठेवावा की बरोबर न्यावा, ह्यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.