लेकीचे पैसे अठरा वर्षे कशासाठी थांबवायचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या मागावर राबणाऱ्या कामगाराच्या घरी 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतर मुलगी जन्मली असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल, तर राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ योजना तिच्यासाठी आहे. जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर 75 हजार, असे एकूण 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. मुलीच्या जन्माचे स्वागत सरकारने पैशांनिशी करावे, हे योग्यच आहे. प्रश्न पैसे कधी मिळतात हा आहे. जन्माचे 5 हजार पहिलीपर्यंत पुरवायचे म्हटले, तर महिन्याला 70 रुपयेही पडत नाहीत. अठराव्या वर्षाआधीचे चारही हप्ते मिळून होतात 26 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 120 रुपये. जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम हातात पडते ती मुलीचे बालपण संपल्यावर.

वास्तविक गरज असते ती उलट्या टोकाला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ही तूट पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते आणि पुढे सहसा भरून निघत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नवरा मागावर, बायको घरी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, शेजारी रांगणारे मूल. मजुरी वळलेल्या विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे मुलाला ताप आला की त्या दिवशी औषधाचा खर्च वाढतो आणि मजुरीही बुडते. पाळणाघराची सक्ती 50 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आहे. थोड्या मागांचे कारखाने आणि घरबसल्या विडीकाम तिच्या बाहेरच राहतात. अशा घराला दरमहा ठरलेल्या तारखेला येणारे पाच-सहाशे रुपये दूध, अंडी, डॉक्टर यांसाठी उपयोगी पडतात. अठरा वर्षांनंतरच्या 75 हजारांवर आज दुकानदार उधारी देत नाही.

मोठी रक्कम शेवटी ठेवली म्हणजे मुलीचे लग्न लवकर होणार नाही, असे या रचनेचे समर्थन केले जाते. हेतू मोलाचा आहे, पण अनुभव वेगळा आहे. हरियाणाने 1994 मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ योजना याच विचाराने आणली: मुलगी अठराव्या वर्षी अविवाहित असेल तर 25 हजार रुपये. पुढे झालेल्या मूल्यमापनात बालविवाहांवर तिचा ठोस परिणाम दिसला नाही, आणि बऱ्याच घरांनी ती रक्कम लग्नासाठीच धरली होती. मुलगी शाळेत टिकली तर लग्न लांबते, आणि शाळेत टिकायचे तर पोट आणि पायाभूत वर्षे सांभाळावी लागतात.

दुसरा आक्षेप बापाच्या व्यसनाचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण त्यावरचा उपाय जुना आहे. ब्रिटनमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी अनेक वर्षे लढा दिला आणि 1945 च्या कायद्याने मुलांचा भत्ता आईच्या हाती दिला. आपल्याकडे ‘लाडकी बहीण’मुळे लाखो आयांच्या खात्यांत दरमहा पैसे जातात, वाट तयार आहे. मात्र तिथे कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आणि ‘लेक लाडकी’साठी एक लाख, म्हणजे महिन्याला सुमारे 8,300 रुपये. एकाच घरात आई गरीब ठरते आणि तिची लेक ठरत नाही, हे न पटणारे आहे. दोन्ही मर्यादा एक कराव्यात.

राहिला तिजोरीचा प्रश्न. मर्यादा वाढवली तर खर्च वाढेल, हे मान्य करूनच ती मागणी करायला हवी. हप्त्यांच्या फेरमांडणीला मात्र एकूण रक्कम वाढवावी लागत नाही. 75 हजारांपैकी 30 हजार अठराव्या वर्षासाठी राखून उरलेले 45 हजार पहिल्या सहा वर्षांत वाटले, तर महिन्याला 625 रुपये होतात. सरकारला ते लवकर काढावे लागतील, एवढाच भार. आणि उशिराचा तोटा मुलीच्या माथी पडतो: महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर 2041 मध्ये मिळणाऱ्या 75 हजारांचे मोल 2023 च्या भावाने जेमतेम 31 हजार भरते. मुलग्यांना या योजनेत स्थान नाही, आणि कुपोषण मुलगा-मुलगी पाहत नाही. पण हप्ते बदलण्यासाठी तो वाद मिटण्याची वाट पाहू नये. योजनेतल्या पहिल्या मुली जून 2029 मध्ये पहिलीत जातील. आत्ता नियम बदलला नाही, तर जन्मानंतरच्या 5 हजारांखेरीज तोवर त्यांच्या वाट्याला या योजनेतून काहीही येणार नाही.