‘डॉलरचे गाव’ म्हणून याखिमोवची बोळवण करू नये

‘डॉलर’ हा शब्द आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खाणगावाच्या नावावरून आला, ही गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. मीही पूर्वी एका धाग्यात ती दोन ओळींत सांगून पुढे गेलो होतो. त्या दोन ओळी चुकीच्या नव्हत्या. पण त्यांनी याखिमोववर अन्याय केला, असे आता वाटते.

तो भाग आधी उरकून घेऊ. बोहेमिया आणि सॅक्सनी यांच्या सीमेवरील क्रुश्ने होरी या डोंगररांगेत १५१६ मध्ये काउंट श्टेपान श्लिक याने चांदीच्या शिरांच्या आधाराने ही वसाहत उभारली. तिचे जर्मन नाव सांक्ट योआखिम्सथाल, म्हणजे संत योआखिमचे खोरे. १५२० पासून येथे पाडलेल्या चांदीच्या मोठ्या नाण्यांवर एका बाजूस संत योआखिम आणि दुसऱ्या बाजूस बोहेमियाचा सिंह असे. ‘योआखिम्सथालर’चे लोकांनी ‘थालर’ केले आणि इतर भाषांतून फिरत फिरत त्याचा ‘डॉलर’ झाला. दोनच दशकांत लोकवस्ती सुमारे १८,००० वर गेली. बोहेमियात त्याहून मोठे नगर एकटे प्राग. गेओर्ग आग्रिकोला येथे नगरवैद्य होता. खाणकामावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ येथील निरीक्षणांचा फार मोठा ऋणी आहे. राजाची टांकसाळ (आता संग्रहालय), संत योआखिमचे चर्च, लॅटिन शाळेच्या ग्रंथालयातील जुनी पुस्तके ही सारी त्या वैभवाची शिल्लक.

बहुतेक लेख येथे संपतात. गावाचा इतिहास मात्र चांदी ओसरल्यावर अधिक गहन होतो.

चांदी शोधताना हाती लागणारा एक जड, काळा दगड खाणकामगार वैतागून फेकून देत. एकोणिसाव्या शतकात त्यापासून काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना रंग देणारी द्रव्ये बनू लागली. त्या उद्योगाचा टाकाऊ गाळ पॅरिसला गेला आणि त्यातून मारी व पिएर क्युरी यांनी रेडियम वेगळे काढले. १९०६ पासून गावात रेडॉनयुक्त पाण्याचे उपचार सुरू झाले. १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य हॉटेल उभे राहिले. येथले खाणकामगार मात्र पिढ्यान्‌पिढ्या फुफ्फुसाच्या विकाराने अकाली मरत होते. त्यामागेही तोच रेडॉन होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर तो काळा दगड अणुबॉम्बचा कच्चा माल झाला. नोव्हेंबर १९४५ च्या करारानुसार येथले युरेनियम सोव्हिएत संघाकडे जाऊ लागले. शतकानुशतके येथे राहिलेल्या जर्मनभाषक रहिवाशांची हकालपट्टी झाली. खाणीत उतरवले गेले ते आधी जर्मन युद्धकैदी आणि १९४९ पासून कम्युनिस्ट राजवटीचे राजकीय कैदी: धर्मगुरू, शेतकरी, नाझींविरुद्ध लढलेले सैनिक. बोहुमिल मोद्री हा आइस हॉकीतील जगज्जेत्या चेकोस्लोव्हाक संघाचा गोलरक्षक. १९५० मध्ये त्याला अटक झाली, येथील खाणीत कामास जुंपले गेले आणि सुटकेनंतर काही वर्षांनी, १९६३ मध्ये, तो वारला. ऑस्त्रोव्हजवळच्या लाल विटांच्या मनोऱ्यात कैदी कसल्याही संरक्षणाविना खनिज दळून पिंपांत भरत. त्याचे नावच ‘मृत्यूचा मनोरा’ पडले. क्रुश्ने होरीच्या खाणप्रदेशासह तो २०१९ पासून जागतिक वारसायादीत आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. आरोग्यस्नानावर जगणाऱ्या, मुख्य रस्त्यावर अजून पडकी घरे असलेल्या या छोट्या गावाच्या माथी दुःखाचा इतिहास कशाला मारायचा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पाहुणा आला तरच त्या घरांची डागडुजी होणार. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, हे मला मान्य नाही. स्नानगृहांत येणारे पाणी जिथून वर खेचले जाते, त्या खाणीचे नाव ‘स्वोर्नोस्त’, अर्थात एकोपा. त्याच खाणीला लागून त्याच नावाची कैद्यांची छावणी होती. उपचारासाठी हौदात उतरणारा माणूस त्याच खाणीचे पाणी अंगावर घेतो. त्याला नाण्यांची गंमत सांगायची आणि ही गोष्ट गाळायची, ही निवड आहे. ती करण्याचा हक्क निदान इतिहास सांगणाऱ्याला नाही.

म्हणून कुणी तिकडे जाणार असेल, तर माझी सूचना नेहमीच्या क्रमाच्या उलटी आहे. ‘याखिमोवचा नरक’ नावाची पायवाट छावण्यांच्या जागा दाखवत रानातून जाते. स्वोर्नोस्तपासून ती आधी चालावी आणि छावणीतून खाणीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी थोडे थांबावे. टांकसाळीतील थालर दुपारून पाहिले तरी चालतील.