अहवालाचा धनी

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथील आपल्या प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचे प्रथम दर्शन घडले, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ गेली काही वर्षे हा दिवस जगभर आपल्या व्यवसायाचा दिवस म्हणून साजरा होत असतो. या महिन्यात ठिकठिकाणच्या शाखांतून व्याख्याने होतील, यंत्रविक्रेत्यांचे मांडव पडतील, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ दिले जाईल. हे सर्व यथायोग्यच आहे. या निमित्ताने आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक प्रश्न मात्र ठेवावा असे आम्हांस वाटते. रोज जे अहवाल आपण लिहितो त्यांचा खरा धनी कोण? रुग्णास चिठ्ठी देऊन पाठविणारा डॉक्टर, पैसे चुकते करणारी विमाकंपनी, की ज्याच्या देहाचे त्यात वर्णन आहे तो रुग्ण? व्यवहारात पहिल्या दोघांचीच दखल घेतली जाते, आणि तिसरा, लिफाफ्यातले इंग्रजी उमगत नसल्यामुळे, स्वागतकक्षातल्या मुलीलाच ‘काही गंभीर नाही ना?’ असे विचारून घरची वाट धरतो.

याचे एक कारण या विद्येच्या कुळकथेत सापडते. राँटगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात ज्यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघाला ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक ज्यांच्यासह त्यांना विभागून मिळाले ते कॉर्मॅक पुन्हा पदार्थविज्ञानवेत्तेच. एमआरआयबद्दल २००३ साली त्याच पारितोषिकाने गौरविले गेलेले लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते, मॅन्सफील्ड पदार्थविज्ञानवेत्ते. यंत्राच्या कुशीत जन्मलेल्या शाखेची दृष्टी यंत्रावरच खिळून राहावी, हे समजण्यासारखे आहे. अपवाद सोनोग्राफीचा. ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या साह्याने त्यांनी जे उपकरण सिद्ध केले, ते जठराच्या असाध्य कर्करोगाचे निदान होऊन जिची आशा सोडून देण्यात आली होती अशा एका स्त्रीच्या पोटावरून त्यांनी फिरविले, तेव्हा तेथे बीजकोशाची प्रचंड पाणगाठ दिसून आली. ती शस्त्रक्रियेने काढली गेली आणि ती बाई वाचली. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाला जे वजन आले ते अशा रुग्णांमुळे. यंत्राच्या पाठीशी, रुग्णाच्या पोटाला हात लावून प्रश्न विचारणारा वैद्य उभा होता, एवढे आपण या कथेतून घ्यावे.

आणि आज त्याच सोनोग्राफीच्या दारापाशी काय चालते? ओटीपोटाच्या तपासणीस मूत्राशय भरलेले हवे, म्हणून ‘पाणी पिऊन या’ असे सांगितलेली बाई सकाळच्या एसटीने तालुक्याहून येते, लिटरभर पाणी पिते, आणि मग तिला कळते की आधी वॉर्डातले रुग्ण घ्यावयाचे आहेत. तासाभराने ती अवघडून दाराशी येते व मावशींना विचारते, ‘आता जाऊन येऊ का हो?’ मावशी म्हणतात, ‘गेलीस तर परत सगळं पहिल्यापासून, बघ बाई.’ ती पुन्हा बाकावर बसते, पदराचे टोक मुठीत घट्ट धरून. आत वातानुकूलित अंधारात बसलेल्या तज्ज्ञास यांतले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो सकाळचा सतरावा किंवा अठरावा नंबर असतो. पाणी घरून पिऊन यावे की आल्यावर प्यावे, आणि किती वाजता प्यावे, हे घड्याळ पाहून सांगण्यास कोणत्याही नव्या यंत्राची खरेदी लागत नाही.

चिठ्ठीचा प्रकार याहून गंभीर आहे. ‘पोटदुखी’ एवढा एकच शब्द लिहिलेली चिठ्ठी घेऊन रुग्ण येतो, आणि दुखणे किती दिवसांचे, कोणत्या बाजूचे, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय, ही विचारपूस तंत्रज्ञाने केली तर केली, अन्यथा राहून जाते. मग संगणकात तयार असलेला साचा उघडला जातो, आकडे तेवढे बदलले जातात, आणि ज्याचे पित्ताशय पूर्वीच काढून टाकलेले आहे त्याच्या अहवालात ‘पित्ताशय प्राकृत’ अशी नोंद बिनदिक्कत उमटते. हा विनोद आपल्या संमेलनांत वर्षानुवर्षे सांगितला जातो. सर्व हसतात, आणि साचा तसाच राहतो. शल्यचिकित्सक असा अहवाल वाचून आपल्या इतर निष्कर्षांवर किती भरवसा ठेवील? अहवालाच्या अखेरीस ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’ ही मखलाशी करून जबाबदारी झटकता येते असा जो समज आपल्यात रूढ झाला आहे, त्याचा तर आम्ही स्पष्ट निषेध करतो. लक्षणांशी पडताळा घालणे हे आपलेही काम आहे. रुग्ण आपल्यापासून हातभर अंतरावर निजलेला असताना ते दुसऱ्यावर सोपविण्याचे प्रयोजन काय? दोन प्रश्न विचारून जो अहवाल लिहिला जातो तो पाठविणाऱ्याच्या शंकेचे उत्तर ठरतो. न विचारता लिहिलेला अहवाल हा केवळ अवयवांचा पंचनामा असतो.

पूर्वसूचनेचेही तसेच. आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट शिरेतून देताच अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, कित्येकांना लघवी झाल्यासारखे वाटते. हे आधी सांगितले तर रुग्ण स्वस्थ पडून राहतो, न सांगितले तर घाबरून हलतो आणि चित्र बिघडते. दमा, पूर्वी कॉन्ट्रास्टने आलेली रिअ‍ॅक्शन, क्रिएटिनिन, मधुमेहासाठी चालू असलेले मेटफॉर्मिन, यांची विचारपूस संमतिपत्रावर सही घेण्याच्या घाईत उरकण्याची बाब खासच नव्हे. एमआरआयच्या दारात तर ही विचारपूस प्राणरक्षणाची असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला जाऊन प्राणास मुकला, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नसावे. तरीही सूचना देण्याची एक रीत असते. मंगळसूत्र उतरविण्यास बिचकणाऱ्या सुवासिनीवर खेकसणारा तंत्रज्ञ आम्ही पाहिला आहे, आणि तिच्या गळ्यात तेवढ्यापुरता साधा दोरा बांधू देऊन, मंगळसूत्र तिच्या सासूच्या हाती सोपवून, आत किती वेळ खडखडाट होईल आणि घाबरल्यास हातातला फुगा कसा दाबायचा हे समजावणारी तंत्रज्ञही पाहिली आहे. दुसरीला फार तर तीन मिनिटे अधिक लागली.

किरणमात्रेविषयी आपण रुग्णाशी जवळजवळ बोलतच नाही. आपल्या कोटाला लावलेला टीएलडी बॅज दर तिमाहीस तपासला जातो, आणि आपल्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने वर्षास सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरवून दिलेली आहे; रुग्णासाठी अशी कोणतीही कमाल मर्यादा नाही, ती सर्वस्वी आपल्या विवेकावर सोडलेली आहे. निसर्गातून मनुष्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा त्यापुढे नगण्य, पण पोटाच्या एका सीटी स्कॅनची ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या फिल्मा घेऊन आलेल्या रुग्णास ‘त्या बाजूला ठेवा, नवीनच काढू’ असे सांगणे हा बेमुर्वतपणा तर आहेच, शिवाय अपायही आहे. डोक्यास टेंगूळ आलेल्या मुलाचा स्कॅन केवळ आईबापांच्या समाधानासाठी मागितला गेला असेल, तर पाठविणाऱ्यास दूरध्वनी करून तो टाळता येईल काय हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. तो आपण बजावत नाही, कारण पाठविणारा नाराज होईल. या नाराजीच्या भीतीची पाळेमुळे ‘कट’मध्ये आहेत, हेही येथेच सांगितलेले बरे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देणे व घेणे दोन्ही निषिद्ध ठरविले आहे; जो दलाली देतो त्यास चिठ्ठी नामंजूर करण्याचे धैर्य कोठून येणार?

गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या कायद्याविषयी या स्तंभात पुष्कळ लिहून झाले आहे. त्या कायद्याखाली भरावयाच्या ‘एफ’ नमुन्यातील लेखनिकी चुकीस गुन्ह्याचे स्वरूप यावे ही आपली कैफियत रास्त असली, तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, ही वस्तुस्थिती समोर असता समाजाने आपली कैफियत सहानुभूतीने ऐकावी अशी अपेक्षा तूर्त करता येत नाही.

आमच्या सूचनेवर आक्षेप येईल तो असा की, रुग्णाशी आपण बोलू लागलो तर उपचार करणाऱ्याच्या क्षेत्रात तो हस्तक्षेप ठरेल. औषध कोणते, शस्त्रक्रिया करावी की न करावी, हे निर्णय निःसंशय त्यांचे. परंतु ‘मूत्रखडा दिसतो आहे, पुढचे तुमचे डॉक्टर सांगतील’ एवढे वाक्य बोलल्याने कोणाचा अधिकार हिरावला जातो? फुप्फुसाभोवती हवा साचलेली, मेंदूत रक्तस्राव झालेला, गर्भ नलिकेत रुजलेला दिसला, तर अहवाल टंकलिखित होण्याची वाट न पाहता डॉक्टरला स्वतः फोन करणे आणि त्या फोनची वेळ अहवालात नोंदविणे, हा शिरस्ता प्रत्येक केंद्रात असलाच पाहिजे. दूरस्थ वाचनाने तालुक्याच्या गावाला तज्ज्ञाचे मत मिळू लागले हे उत्तमच. मात्र शंभर कोसांवरून सही करणाऱ्याचा क्रमांकही त्या कागदावर हवा.

सभासदांस आमची विनंती आहे की, १ जानेवारीपासून आपल्या अहवालाखाली सही करणाऱ्या तज्ज्ञाचे नाव, दूरध्वनी आणि रुग्णास भेटण्याची रोजची एक ठरावीक वेळ छापावी, आणि चार ओळींचा मराठी गोषवारा सोबत जोडावा. ज्यांना हे करून पाहिल्यावर अडचणी येतील त्यांनी त्या आम्हांस अवश्य लिहून कळवाव्यात. मार्चच्या अंकात त्यांसाठी जागा राखून ठेवली आहे.