कळ मोटारीची, विवेक चालकाचा

कसारा घाट उतरून खर्डीकडे येणाऱ्या स्वयंचलित गिअरच्या अनेक नव्या मोटारींत ‘इको’, ‘नॉर्मल’, ‘स्पोर्ट’ अशा चालनपद्धती निवडण्याची कळ असते. तिचा अर्थ जाणून घेण्याची तसदी मात्र थोडेच चालक घेतात. ‘इको’मध्ये ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद सौम्य होतो, वरचा गिअर लवकर पडतो व इंधन वाचते, सपाट रस्त्यावर ते इष्टच. ‘स्पोर्ट’मध्ये खालचा गिअर अधिक काळ टिकतो, म्हणून चढणीवर जोर मिळतो, पण पावसाळ्यात तोच हिसका चाके घसरवू शकतो. कोणतीही पद्धत टायरची पकड वाढवीत नाही, हे विसरून चालणार नाही. उतारावर वरचा गिअर राहिला, तर इंजिनाचा अटकाव कमी पडून ब्रेक तापतात. तेथे चालकाने स्वतःच खालचा गिअर घेतला पाहिजे. याच घाटात ३७ फुटांना १ फूट चढ असल्याने रेल्वे बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने जोडते. घाटाची ही जाण मोटारचालकाला कोण देणार? विक्रेत्यांनी किल्ली सोपविताना आणि मोटार-प्रशिक्षण शाळांनी शिकविताना हा धडा दिलाच पाहिजे.